थांबला तो खोटा

मी घर सोडलं त्या दिवशी माझ्या डाव्या गालावर बोटं उठलेली होती. देगलूरच्या बसस्टँडवर हैदराबादची गाडी लागली होती, आई माझ्या पिशवीत भाकरी आणि शेंगाची चटणी कोंबत होती आणि मी ओढणी गालावर घट्ट धरून उभी होते. बाकड्यावरच्या एका बाईनं विचारलं, "पोरीची दाढ दुखून राहिली का?" आई म्हणाली, "हाव, लई." पोरगी पहिल्या नोकरीला चाललीय म्हटल्यावर कुणाचाही बाप स्टँडवर आला असता. माझे आले नाहीत, कारण त्यांचा निरोप सकाळीच देऊन झाला होता. "तिथं रविवारी काय करशील?" असं त्यांनी विचारलं होतं. ज्या शहरात मी अजून पाऊलही ठेवलं नव्हतं तिथल्या रविवारचं काय सांगायचं, म्हणून मी जरा थांबले. इतकंच.

गाडी सुटताना आई खिडकीखाली आली. वेळेवर जेव, फोन कर, असलं काही ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "तिथं बी तोंड चालू ठिव गं माय. कुणी काय इचारलं की गप बसू नगं." मी मान हलवली. मदनूर येईपर्यंत मी रडत होते. मग दुकानांच्या पाट्या तेलुगू झाल्या, आपल्याला इथं कुणी ओळखत नाही हे कळलं आणि सणकून भूक लागली.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे यंदाच्या येळवशीच्या सणापासून आपल्या गावात एक गोष्ट फिरतेय. तुम्ही जे गावातच राहिलात, ते ती चवीनं सांगताय, आणि जे माझ्यासारखे पुण्याला, हैदराबादला, दुबईला गेलात, ते ती ग्रुपवर पुढं ढकलताय. गोष्ट अशी, की हेडमास्तरांची रेणुका शहरात जाऊन इंग्रजी बोलायला शिकली आणि सणाच्या दिवशी चारचौघांत तिनं बापाला शेतातल्या कडब्याच्या कोपीत पाडलं. यातलं इंग्रजी खरं आहे. कोपही खरी आहे. पाडलं मात्र मी नाही, आणि ज्यानं पाडलं त्याला मी दोष देणार नाही. हे ज्या पोरीपायी घडलं, त्या माझ्या भाचीचं, पूर्वाचं, नाव तुमच्या गोष्टीत येतच नाही. म्हणून राग येतो. म्हणून लिहितेय.

आबांना तुम्ही सगळे ओळखता. झेडपीच्या शाळेत हेडमास्तर, घरची बागायत, शब्दाला वजन. तुमच्यातल्या कितीतरी जणांना त्यांनी अक्षरओळख करून दिलीय आणि तुम्ही अजून भेटलात की वाकून नमस्कार करता. करा. पण आमच्या ओसरीत रोज संध्याकाळी जेवणाआधी काय व्हायचं ते तुम्हाला ठाऊक नाही. आबा त्याला जबानी म्हणायचे. मी आणि बालादादा, माझा मोठा भाऊ, भिंतीला पाठ लावून उभे राहायचो आणि ते विचारायचे. दुपारी कुठं होतास? गुरुजी काय म्हणाले? तू कोणाशी बोलून राहिली होतीस? प्रश्न साधेच असायचे. अट एकच होती, उत्तर लगेच आलं पाहिजे. "थांबला तो खोटा," असं ते म्हणायचे. "खऱ्या माणसाला इचार करावा लागत न्हाई."

दादाचा घोटाळा असा, की तो विचार करायचा. दुपारी कुठं होतास असं विचारलं की त्याच्या डोळ्यांपुढं खरोखर दुपार यायची, कुठल्या झाडाखाली होतो, आधी कुठं गेलो, मग कुठं. तो ती नीट लावून सांगायला तोंड उघडायचा आणि तेवढ्यात थप्पड बसायची. मग पुढची, कारण आता तो रडत होता म्हणून बोलत नव्हता. कधी हात, कधी चिंचेचा फोक, एकदा पायातली चप्पल. तो सहावीत असताना एका संध्याकाळी हात कानावर बसला. दादा खाली बसला तो उठेना, आणि कानातून रक्ताची बारीक धार गळ्यापर्यंत आली. आबा म्हणाले, "नाटक बंद कर." आईनं लसणाचं कोमट तेल कानात घातलं, त्यानं आणखी बिघडलं. पुढं देगलूरच्या डॉक्टरांनी पडदा फाटलाय असं सांगितलं. तेव्हापासून दादाशी बोलायचं तर उजव्या बाजूला जाऊन बोलावं लागतं, आणि तेव्हापासून तोही फारसं बोलत नाही.

माझी गत तशी झाली नाही, कारण मला आईनं शिकवलं. चुलीपुढं बसवून शिकवलं. "काय बी बोल, पर आवाज बंद पडू दिऊ नगं," ती म्हणाली. "तोंडातून आवाज निघून राहिला की त्यांचा हात वर जात न्हाई." आणि खरंच होतं ते. ती स्वतः असंच करायची. वाढताना, पाणी देताना, ती काहीतरी पुटपुटत असायची. लहानपणी मला वाटायचं बाई देवाचं नाव घेते. मग मीही सुरू केलं. "ते काय झालं आबा, म्हणजे मी काय म्हणते, ते असं की..." तेवढ्यात डोक्यात उत्तर तयार व्हायचं. खरं व्हायचं किंवा खोटं व्हायचं, पण व्हायचं. लोकांना वाटलं पोरगी फार हुशार, पाण्यासारखी बोलते. मी वक्तृत्व स्पर्धेत नांदेडला जाऊन बक्षिसं आणली. अकरावी-बारावीला लातूरला होते, तिथं होस्टेलच्या पोरी म्हणायच्या, रेणुके, जरा श्वास घे की गं.

हैदराबादला आले, कंपनी बदलली, घर बदललं, भाषा बदलली. घरमालकीण तेलुगूत बोलते, भाजीवाला दख्खनीत. ती दख्खनी मात्र आपल्याकडच्या बाजारातलीच वाटली, त्यामुळे पहिल्या दिवसापासून भाव करता आला. ऑफिसात इंग्रजी. आणि 'ते काय झालं'ची जागा 'सो बेसिकली'नं घेतली, 'म्हणजे मी काय म्हणते'ची 'आय मीन, यू नो'नं. मला ते कधी जाणवलंच नाही. आम्ही इंग्लंडमधल्या एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. काम मला येतं, चांगलं येतं, आणि म्हणून गेल्या वर्षी माझा मॅनेजर किरण यानं ठरवलं की दर महिन्याचं रिव्ह्यू प्रेझेंटेशन आता रेणुका देईल. पहिल्या दोन वेळा दिलं. मग त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस भला आहे, शब्द शोधत होता. तुझा कंटेंट उत्तम आहे, म्हणाला, पण तू इतके फिलर वापरतेस की क्लायंटला वाटतं तुझी तुलाच खात्री नाही. त्यांनी विचारलंय, दुसरं कुणी देऊ शकेल का.

फिलर म्हणजे काय ते मी त्या दिवशी घरी जाऊन शोधलं. बोलताना मधल्या जागा भरायला वापरतात ते निरुपयोगी शब्द. निरुपयोगी! मला हसू आलं.

कंपनीनं एक ट्रेनर लावल्या, फरहाना मॅडम. जुन्या हैदराबादच्या, साठीच्या, पांढऱ्या केसांना मेंदी लावलेल्या. आठ-दहा जणांचा वर्ग होता. पडद्यावरची पहिलीच स्लाइड होती, 'किल द फिलर्स'. उपाय सोपा होता. शब्द सुचत नसेल तर तोंड मिटा, दोन सेकंद थांबा, मग बोला. थांबणारा माणूस विचारी वाटतो, म्हणाल्या. ऐकणाऱ्याला वाटतं, हा खरं बोलतोय. मी वहीत लिहून घेतलं आणि लिहिताना मला घाम फुटला. बाकीची मंडळी आठवड्याभरात सुधारली. मी जितकी थांबायला जायची तितकं तोंड जोरात चालायचं.

मग त्यांनी घंटी आणली. पूजेत असते तशी छोटी पितळेची. एकानं उभं राहून बोलायचं, दुसऱ्यानं बसून ऐकायचं आणि प्रत्येक फिलरला टिण् करायचं. माझ्या वेळी घंटी श्रीनिवासकडे होती, माझ्या शेजारच्या टेबलावरचा अगदी गरीब पोरगा. मी सुरू केलं. टिण्. परत सुरू केलं. टिण्. सगळे हसत होते, तोही हसत होता, खेळच होता तो. मग मी म्हटलं आता थांबूनच दाखवते. तोंड मिटलं. खोलीत कुणी बोलेना, सगळे माझ्याकडे बघून राहिले, आणि माझ्या अंगात काय शिरलं कुणास ठाऊक, मी दोन पावलं पुढं जाऊन श्रीनिवासच्या हातातली घंटी हिसकावली आणि भिंतीवर फेकून मारली. भिंत काचेची होती. वरपासून खालपर्यंत तडकली. पलीकडं जेवायला चाललेले लोक जागच्या जागी थांबले.

एचआरच्या पोरीनं गोड आवाजात 'अँगर इश्यू' असा शब्द वापरला. रिव्ह्यूचं काम काढून घेण्याची भाषा सुरू झाली, आणि तिथून पुढचा रस्ता कुठं जातो हे आयटीतल्या कुणालाही सांगायला नको. फरहाना मॅडमनी माझी आणखी एक बैठक मागून घेतली. समजूत काढतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसता लॅपटॉप उघडला, माझ्या सरावाचा व्हिडिओ लावला आणि आवाज बंद केला. "हाथां देखो तुम्हारे," म्हणाल्या, "बहुत हिलातीं." मी हात बघायला लागले आणि हात राहिले बाजूला. पडद्यावरची बाई बोलता बोलता जिथं जिथं अडत होती, तिथं तिथं तिचा डावा खांदा उचलून कानाला लागत होता, हनुवटी आत जात होती, डोळे मिटत होते. लगेच तोंड सुरू व्हायचं आणि खांदा खाली यायचा. परत अडली, परत खांदा वर. आबा उजव्या हातानं मारतात. समोर उभं राहिलं की थप्पड डावीकडं बसते. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले.

तो शुक्रवार होता. रविवारी मी नेहमीसारखा गावी फोन केला. दादा आबांजवळच राहायचा, शेती बघायचा, तुम्हाला माहीतच आहे. त्याची पूर्वा दुसरीत. ही पोरगी बापावर गेली होती. फोनवर काही विचारलं की आधी शांतता, मग एकच वाक्य, पण असं की हसून मुरकुंडी वळावी. एकदा विचारलं, शाळा आवडते का? बऱ्याच वेळानं म्हणाली, "सुट्टी झाल्यावर आवडते." त्या रविवारी मी विचारलं, "काय गं, जेवलीस का?"

"ते म्हणजे ना आत्या, काय झालं की, मी ना, म्हणजे जेवले, ते असं की आईनं ना, म्हणजे..."

पाण्यासारखी बोलत होती. मी फोन कानाला धरून भिंतीला टेकले. मी म्हटलं, पूर्वा, आबा संध्याकाळी विचारतात का गं तुला? ती आणखी जोरात बोलायला लागली. मग वहिनीनं फोन घेतला. सुनीता वहिनी तशी धीट बाई आहे, पण आवाज बारीक काढून म्हणाली, दिवाळीपासून सुरू झालंय, तुमचे भाऊ काही बोलत न्हाईत, मी मधी पडले तर आबा मला म्हणाले सुनेनं लायकीत ऱ्हावं. मी दादाला फोनवर घेतलं. तो ऐकत राहिला. म्हणाला, "येळवशीला ये." एवढंच म्हणाला.

बाहेरगावी जन्मलेल्या लेकरांसाठी सांगते, येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. लातूरला आणि आपल्या देगलूर पट्ट्यात तिच्याएवढा सण नाही. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, मडकं भरून आंबट अंबील, आणि ओळखीचे-अनोळखी सगळ्यांना हाक मारून जेवायला बसवायचं. हैदराबादला मी कितीतरी वेळा भज्जी करून बघितली. डाळी त्याच, पालेभाज्या त्याच, चव येत नाही. शेतात हुडहुडी भरत बसून खाल्ल्याशिवाय ती येत नसावी.

आबा त्या दिवशी खुशीत होते. सत्तरी झाली तरी ताठ. शिवारभर फिरून त्यांनी अंबील शिंपडलं, शिंपडताना म्हणायचे ते अर्धे कानडी बोल म्हटले, माझ्या पाठीवर हातही ठेवला. पंगत बसली. देगलूरहून त्यांचे जुने विद्यार्थी आले होते, शेजारच्या शिवारातली मंडळी होती. दादा पाहुण्यांसाठी बांधावर हरभरा कापत होता. तेवढ्यात कोपीजवळचं अंबिलाचं मडकं कलंडलं. पूर्वा तिथं होती, कुत्रंही होतं, वारा तर होताच. कुणामुळं पडलं ते मला आजही माहीत नाही आणि त्यानं काही फरक पडत नाही.

"पूर्वे, हिकडं ये. मडकं कुणी पाडलं?"

"ते म्हणजे आबा, काय झालं की, मी ना, तिकडून आले, म्हणजे ते असं आले, आणि ना, मग ना..."

पंगत हसली. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, वकील होतीय बघा नात." आणि माझ्या डोळ्यांसमोर तिचा डावा खांदा वर चढत चालला होता. मग तिचे शब्द संपले. सात वर्षांच्या लेकराकडं असून असून शब्द असणार तरी किती. ती गप्प झाली. आबा म्हणाले, "थांबला तो खोटा," आणि हात उचलला.

मी मध्ये गेले. हात माझ्या कानावर बसला. बाई, काय बसला! डोक्यात शिट्टी वाजायला लागली, डोळ्यांपुढं कडबा, माणसं, आभाळ सगळं तिरपं झालं आणि पायाखालच्या ताटातली खीर माझ्या साडीवर उडाली. पंगत हसायची थांबली. आबा म्हणाले, "मधी कामून पडलीस?"

माझ्याकडे बोलायला खूप होतं. बसस्टँडपासूनचं होतं. तोंड आपोआप सुरू होणार होतं, ते काय झालं आबा, असं ओठांवर आलंच होतं. मी ओठ मिटले. मी थांबले, आणि माझ्या हयातीत पहिल्यांदा आबांच्या डोळ्यांत बघून थांबले. मग म्हटलं, "हिच्या अंगाला परत हात लावायचा न्हाई."

मी थांबले होते ना, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा हात उचलला. तो खाली आला नाही. दादा बांधावरून धावत आला होता. हातातला विळा त्यानं आधी लांब फेकला, हे गोष्ट सांगणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावं. त्यानं आबांची गचांडी धरली आणि त्यांना मागं रेटलं ते थेट कोपीवर. कोप कोसळली, पांडव विखुरले, आबा कडब्यात उताणे पडले आणि दादा त्यांच्या छातीवर बसला. तो ओरडत होता, शब्द नव्हते, नुसता आवाज होता. इतक्या वर्षांत त्याचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. त्यानं मूठ उगारली.

आणि आबांचा डावा खांदा उचलून कानाला लागला. हनुवटी आत गेली. डोळे मिटले. "आरं बालाजी," ते म्हणाले, "ते म्हणजे, मी काय म्हणलो, ते असं हाय की, ऐक की रं, म्हणजे, ते..."

दादाची मूठ तिथंच राहिली. त्यानंही ते ओळखलं. मग ती मूठ त्यानं आबांच्या डोक्याशेजारी जमिनीवर मारली, परत मारली, मारतच राहिला, पांडवांच्या एका दगडावर बोटं फुटली, चुना लाल झाला, तेव्हा कुठं लोकांनी त्याला ओढून बाजूला घेतलं. आई तोवर कोपीजवळ बसून भज्जीचं पातेलं झाकत होती आणि पुटपुटत होती.

इथं मला दया आली असं लिहिलं तर शोभून दिसेल. नाही आली. सत्तर वर्षांचा म्हातारा मुलापुढं अं-अं करताना बघून मला बरं वाटलं, पोटभर बरं वाटलं, आणि ते मी लपवणार नाही. दया नंतर आली, हैदराबादच्या घरी, कानात औषध घालताना. आबांच्या वडिलांबद्दल मला एवढंच माहीत आहे, की आबांनी त्यांचा फोटो घरात कधी लावला नाही.

त्याच संध्याकाळी दादा, वहिनी आणि पूर्वा दोन पिशव्या घेऊन निघाले. मी हैदराबादहून आणलेली माझी गाडी उदगीरमार्गे लातूरला वळवली. आईला म्हटलं चल. ती म्हणाली, "मी आले तर त्यांना भाकर कोण दील?" मी भांडले. ती ऐकत राहिली, हूं हूं करत राहिली, आणि जागची हलली नाही. पूर्वा मांडीवर झोपली होती आणि दादाच्या हाताला बांधलेल्या फडक्यातून रक्त येत होतं.

सोमवारी रिव्ह्यू होता. किरणनं मला शेवटची संधी दिली होती. डावा कान सुजलेला, म्हणून हेडफोन एकाच कानाला लावून मी बसले. अर्ध्या वाटेवर तिकडच्या मुख्य बाईंनी विचारलं, पुढचा भाग मार्चपर्यंत होईल का? मला उत्तर माहीत नव्हतं, हिशेब करायला हवा होता. मी तोंड मिटलं. खांदा वर गेला, जाऊ दिला. पडद्यावरची माणसं वाट बघत राहिली. एकीनं कॉफी प्यायली. कुणी उठून आलं नाही. मी विचार केला आणि म्हटलं, नाही, मार्चला नाही होणार, एप्रिलअखेर होईल. त्या म्हणाल्या, ठीक आहे, एप्रिल. आणि पुढच्या मुद्द्यावर गेल्या. मी कॅमेरा बंद करून टेबलावर डोकं टेकून एवढी रडले की श्रीनिवासनं पाणी आणून दिलं. रिव्ह्यू अजून माझ्याकडेच आहे. फिलर अजून येतात, दमले की जास्त येतात. काचेची भिंत बदलली.

तर गोष्ट ही अशी आहे. आता तुम्ही ती कशीही सांगा. मात्र तुमच्यापैकी कुणाच्या घरी एखादं लेकरू पाण्यासारखं बोलत असेल, तर त्याच्या हुशारीचं कौतुक करण्याआधी त्याचा खांदा बघा.

हैदराबादला लोक विचारतात, तुमचं गाव कोणतं, तर मी आता लातूर सांगते. दादा तिथं एका दालमिलमध्ये लागलाय. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आहेत, उन्हाळ्यात तापून भट्टी होतात, गच्चीवर पाणी मारल्याशिवाय पाठ टेकवत नाही. तिथं माझं ना शेत आहे ना नाव. पण सुट्टी मिळाली की माझे पाय तिकडंच वळतात, आणि ज्या घराची मला आठवण येते ते आता तेच आहे. गावाकडच्या घरातली फक्त आई आठवते.

गेल्या महिन्यात मी लातूरला असताना आईचा फोन आला. आबा आता निवळलेत, म्हणाली, पूर्वाला सुट्टीत चार दिस धाडता का? दादानं फोन उजव्या कानाला धरला होता. त्यानं पूर्वाला विचारलं, "आजीकडं जायचं का गं?" पूर्वा आंबा चोखत बसली होती. तिनं आंबा तोंडातून काढला आणि ती गप्प बसली. वहिनीचा हात पिठात थांबला. तिकडून आई हॅलो हॅलो करत होती. मला पोरीच्या जागी मीच उत्तर देऊन टाकावं असं वाटत होतं. आंब्याचा रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला तरी ती समोरच्या भिंतीकडं बघून विचारच करत होती, आणि आम्ही तिघं तिच्याकडं बघत बसलो होतो. मग ती म्हणाली, "उद्या सांगते," आणि परत आंबा चोखायला लागली.

"आई," दादा फोनमध्ये म्हणाला, "उद्या सांगती म्हणली."